कुंकू लावलेली कादंबरी

हिराजीदादा कोणतंही पुस्तक आधी तळहातावर ठेवून तोलून बघत. मग मधलंच एखादं पान उघडून चार ओळी वाचत आणि तिथल्या तिथे निकाल देत. आमच्या भिवंडीच्या वाचनालयात मी नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागले होते तेव्हाची गोष्ट. पांढरा सदरा घातलेले, उंच, शिडशिडीत गृहस्थ आत आले. त्यांनी नुकताच पुरस्कार मिळालेली एक जाडजूड कादंबरी उचलली, तोलली, चार ओळी वाचल्या आणि माझ्या टेबलावर परत आणून ठेवली. म्हणाले, "ताई, ह्यात माल कमी हाय. निम्मा वजन गाडीचाच हाय."

मला वाटलं, हे रद्दी घ्यायला आलेत. रद्दी पहिल्या शनिवारी देतो, असं मी त्यांना सांगितलंसुद्धा. ते रागावले नाहीत. वर्गणी भरून सभासद झाले आणि जाताना तीच कादंबरी घरी घेऊन गेले. माल कमी असला तरी सगळी गाडी बघितल्याशिवाय सोडायची नाही, हा त्यांचा नियम होता.

दादा राहायला कोन गावात आणि नोकरीला वडप्याच्या एका गोदामात, वजनकाट्यावर. ट्रक रिकामा येतो तेव्हा त्याचं वजन करायचं, भरून निघतो तेव्हा पुन्हा करायचं आणि दोन्हींतला फरक चिठ्ठीवर लिहायचा. उभी हयात हेच केलेलं, त्यामुळे साहित्यालाही त्यांनी तोच काटा लावला होता. एखादं भाषण फार लांबलं की शेजारी बसून ते माझ्या कानात पुटपुटत, "गाडी आली ताई, माल मागून येतोय." मग गंभीर चेहरा करून बसणं मला जड जाई.

दोन ट्रकांच्या मधल्या वेळात हा माणूस कादंबरी लिहीत होता. रद्द झालेल्या वजनचिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर, बारीक अक्षरात, नऊ वर्षं. एके दिवशी त्यांनी मिठाईच्या दुकानाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. पेढे असतील म्हणून मी हात घातला, तर रबर लावलेली चिठ्ठ्यांची पुडकी निघाली. वर मजकूर, मागे ट्रकचा नंबर आणि तारीख. ती वाचायला मला महिना लागला. एकदा पुडकी खाली पडली, तेव्हा कादंबरी मी ट्रकच्या तारखांवरून लावून घेतली.

कादंबरी दोन जावांची होती. एकाच घराचे दोन भाग, मधे सामाईक पडवी, आणि दोघी वीस वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. जे सांगायचं ते कोंबडीला उद्देशून सांगायचं. "तुझ्या मालकिनीला सांग, पानी गेला." वीस वर्षं कोंबड्या बदलतात, अबोला तोच. शेवटी धाकटी जाऊ पहिल्यांदा बोलते, तेही फक्त भात करपतोय एवढंच सांगायला. बाकी काही घडत नाही. मी ती वाचून दोन दिवस घरात कोणाशी धड बोलले नव्हते, इतकी ती डोक्यात बसली होती.

मग सुरू झाला पुण्याच्या प्रकाशकांकडचा प्रवास. पहिल्या प्रकाशकांनी कळवलं, लेखन सकस आहे, परंतु तुमच्या समाजाच्या व्यथा पुरेशा येत नाहीत. दादांनी ती मेल माझ्या फोनवर तीनदा वाचली. "दोन बाया वीस वरसा बोलल्या न्हाय. ही व्यथा न्हाय तं काय लगीन हाय?" दुसऱ्यांनी विचारलं, ही वाचणार कोण? आमच्या वाचकांना ही बोली परकी, आणि तुमचे लोक तर पुस्तकं विकत घेत नाहीत. दोन्ही बाजूंनी दार लावून ते मोकळे झाले.

तिसरे मात्र उत्साही होते. त्यांनी फोन करून सांगितलं, तुमच्याकडे विषय सोन्यासारखा आहे. जमिनी गेल्या, गोदामं आली, गळ्यात चेन आल्या, भाईगिरी आली, हे कुठंय यात? एखादा खून घालता येईल का? दादा नाही म्हणाले नाहीत. पुस्तक निघावं ही इच्छा त्यांच्या पोटात एवढी होती की त्यांनी काट्यावर बसून प्रामाणिकपणे प्रयत्न केला. चार दिवसांनी चेहरा पाडून आले. "ताई, लय बघितला. कोनी मरायलाच तयार न्हाय. मोठी म्हनते मना पापड वालत घालायचं हायत, धाकटी म्हनते मी नंतर मरते." मी हसत सुटले. ते हसले नाहीत. खिडकीकडे बघत म्हणाले, "माझ्या मानसांनी कोनाला मारला तंच ती पुस्तकात येनार काय? नुसती पडवीत बसली तर चालनार न्हाय काय?"

शेवटी कादंबरी छापली ती आमच्या बाजारपेठेतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याने. बिचाऱ्याने आयुष्यात पत्रिकांखेरीज काही छापलं नव्हतं. मुखपृष्ठाला त्याने सोनेरी वेलबुट्टी लावली आणि हात सवयीचा म्हणून पहिल्या पानावर गणपतीही बसवला. दादांना ते फार आवडलं. मला नाही आवडलं.

दुकानदार पुस्तक ठेवून घेईनात, तेव्हा दादांनी घरोघर जाऊन वाटायचं ठरवलं. त्यांच्या समाजात लग्नाचं आमंत्रण नुसतं पाठवत नाहीत. घरचा माणूस स्वतः जातो, ओटीवर बसतो, चहा घेतो, पत्रिकेला कुंकू लावून हातात देतो आणि "येवाचा हां" म्हणून उठतो. दादांनी रजा काढली आणि आपली कादंबरी अशीच दिली. कोनमधलं एकेक घर घेतलं. प्रत्येक प्रतीला कुंकवाचं बोट लावलं. फक्त "येवाचा हां"च्या जागी "वाचायचा हां" म्हणाले. दोन-तीन घरांत, लग्न कधीचं आहे असं विचारलं गेलं म्हणे.

वाचनालयाची प्रत त्यांनी मला दिली आणि मी ती मोठ्या अभिमानाने दर्शनी भागातल्या काचेच्या कपाटात ठेवली. 'आपले भूमिपुत्र' अशी पाटी मीच त्या कपाटावर लावली होती. आत इलाख्याचा इतिहास, समाजाची एक स्मरणिका, खाडीच्या मासळीच्या पाककृती आणि आता दादांची कादंबरी. कुलूप घातलेलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. दादा आले, काचेतून आतलं एकेक पुस्तक बघितलं.

"बाकी सगल्या कादंबऱ्या कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"त्या पलीकडे, मांडणीवर."

"आनि मी हितं, बोंबलाच्या कालवनाशेजारी."

"दादा, ही मानाची जागा आहे."

"मानाची हाय ना, म्हनून तं कोनी हात लावत न्हाय. माझ्या आत काय हाय ते बघितलास न्हाय तू. माझा गाव बघितलास."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. एवढं प्रेमाने केलं आणि हे असं बोलतात! पण रजिस्टर काढून बघितलं, तर वर्षभरात त्या कपाटातलं एकही पुस्तक कोणी घरी नेलेलं नव्हतं. मी निमूटपणे कादंबरी काढली आणि मांडणीवर नेऊन ठेवली. दादांनी मात्र पुढे कित्येक महिने मला सोडलं नाही. वाचनालयात शिरताना ते दारातूनच हात जोडत आणि विचारत, "ताई, आज कंच्या देवाला कोंडलास?"

त्यांची खोड मोडली ती त्यांच्याच गावात. गणपतीत मी कोनला दर्शनाला गेले होते. दादांबरोबर चार घरं फिरले. पहिल्या घरी देव्हाऱ्यात, आरतीच्या पुस्तकाशेजारी, सोनेरी वेलबुट्टीची एक ओळखीची वस्तू. वर जास्वंदीचं फूल. दुसऱ्या घरी टीव्हीच्या वर, प्लास्टिकच्या कव्हरात. तिसऱ्या घरी तर रोज उदबत्ती ओवाळतात असं कळलं. "कुंकू लावलेली वस्तू हाय," त्या घरची म्हातारी म्हणाली, "खाली कशी ठेवायची? लोलून कशी वाचायची?" सगळ्यांनी इतकं जपलं होतं की एकानेही उघडलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी दादांना हात जोडले. एवढी संधी मी थोडीच सोडणार होते! ते रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग हसू थांबलं, पाणी मात्र थांबायला तयार नव्हतं. "नऊ वरसा लिवला ताई," ते म्हणाले. "पुन्यावाल्यांनी न्हाय वाचला, मी म्हटला जाऊ दे, आपली मानसा हायत. आता आपल्या मानसांनी हार घातला." त्या माणसाला मान नको होता, वाचक हवा होता. आणि वाचक सोडून बाकी सगळं त्याला मिळत होतं.

पण हार मानणारा तो गडी नव्हता. पुढच्याच आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, एक खोटा बोलशील काय?" त्यांची योजना साधी होती. कोनची कोणीही बाई वाचनालयात आली की मी एवढंच म्हणायचं, त्या पुस्तकात तुमच्या गावातल्या एका घरची खरी भानगड आहे म्हणतात, कोणाची ते मला ठाऊक नाही. आजवर मी वाचनालयात बसून खोटं बोलले नव्हते. दोन बायकांना बोलले. तेवढं पुरलं. महिन्याभरात देव्हारे रिकामे झाले, आणि पुस्तक कोनच्या लेकी-सुनांबरोबर त्यांच्या माहेरी-सासरीही फिरू लागलं.

दादा जाऊन आता वर्ष होत आलं. ते गेल्यावर त्या तिसऱ्या प्रकाशकांचा मला फोन आला होता. म्हणाले, आता पुस्तकाला एक करुण बाजू आली आहे, आपण विचार करू या. मी नम्रपणे विचारलं, तुम्ही ते शेवटपर्यंत वाचलंय का? ते म्हणाले, सारांश वाचलाय. दादांना काय मिळालं आणि काय नाही, असं मला लोक विचारतात तेव्हा मी त्या प्रकाशकांचं काही सांगत नाही. मी एका शनिवारची दुपार सांगते.

त्या दुपारी दादा वाचनालयात वर्तमानपत्र वाचत बसले होते. एक सत्तरीची बाई धापा टाकत जिना चढून आली. खारबावची होती. हातात तीच कादंबरी, पण ओळखू येईना अशी. मुखपृष्ठाला हळदीची बोटं, कडेला तेलाचा डाग, पानांचे कोपरे दुमडलेले.

"यो हिराजी कोन हाय?" तिने मला विचारलं.

मी दादांकडे बघितलं. त्यांनी वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. इतक्या वर्षांनी वाचक दारात आला आणि हा माणूस लपून बसला!

"काय काम होतं आजी?"

"भांडायचा हाय. माझ्या घरचा त्याला कोनी सांगितला? नातीनं दोनदा वाचून दाखवला मना. सगला माझाच हाय. फक्त कोंबडी न्हवती, मांजर व्हती." तिने दम घेतला. "आनि शेवट खोटा हाय. धाकटी आधी बोलते म्हने. धाकटी कशाला बोलेल? तिला भ्या असतंय. आधी मोठीलाच बोलाया लागतंय."

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. "मोठी न्हाय बोलायची, बाय," दादा म्हणाले. "लय ताठ हाय ती. मी नऊ वरसा वलखतू तिला."

"तू नऊ वरसा वलखतस," बाई म्हणाली. "मी मोठीच हाय. परवा बोलले मी."

दादांनी वर्तमानपत्राची घडी घातली. ती काही केल्या त्यांना नीट घालता येईना. "काय बोललीस?"

"काय बोलायचा? म्हटला, पडवीत माझ्या बाजूला ऊन आलाय, तुझे पापड हिकडं घाल."

"मंग ती?"

"बोलली न्हाय," बाई म्हणाली. "पापड घेऊन आली."

दादांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः समोर बाकावर बसले. ज्या माणसांना त्यांनी वजनचिठ्ठ्यांच्या पाठीवर एवढी वर्षं जगवलं होतं, त्यांची पुढची हकीकत त्यांच्याहून जास्त ठाऊक असलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटलं होतं. ते गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकले. "आनि मंग?" त्यांनी विचारलं.