दोन हेल्मेटांमधला प्रश्न

काकूंनी आयुष्यात ढिगाने सिनेमे लिहिले आणि त्यातले बरेचसे धड पाहिलेही नाहीत. परदेशी सिनेमे आपल्या भाषेत आणणारा एक लहानसा स्टुडिओ होता, जिन्याखालच्या दोन खोल्यांचा. तिथे त्या संवाद लिहायच्या. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जसे हलतील तशी वाक्यं बसवायची, हे त्यांचं काम. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावर ओठ मिटले आणि आपल्या वाक्यात नेमका तिथे ‘आ’ असला, की बघणाऱ्याला का ते कळत नाही, पण दाताखाली खडा आल्यासारखं होतं. काकूंच्या वाक्यात खडा नसे.

हे कसब त्यांना कुठल्या शाळेने दिलं नव्हतं. त्यांचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात होते. तिथल्या खडखडाटाने त्यांचे कान ऐन उमेदीतच गेले. मग घरात त्यांच्याशी बोलायचं तर समोर जाऊन, तोंड नीट उघडून बोलावं लागे. भांडण असलं तरी तसंच. पाठ फिरवून पुटपुटायची सोय त्या घरात कुणालाच नव्हती. काकू लहानपणापासून लोकांच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघत आल्या, आणि मनात आलेलं तोंडावर बोलायची सवयही त्यांना तिथलीच. बसमध्ये एखादं वाक्य जुळवताना त्या आवाज न करता ओठ हलवत बसत, तेव्हा शेजारचा माणूस हळूच उठून दुसरी जागा बघे.

मोठे सिनेमे चोरीला जातात या भीतीने कंपन्या स्टुडिओला पूर्ण चित्र पाठवत नसत. सगळा पडदा काळाकुट्ट, आणि जो बोलतोय त्याच्या तोंडाभोवती एक गोल भोक. माणूस चालला की भोकही चाललं. माणूस गप्प बसला की नुसता अंधार. आग, समुद्र, राजवाडे, लढाया, सगळं काही काकूंच्या हाताखालून गेलं होतं, डोळ्यांसमोरून नाही.

ध्वनिमुद्रण करणाऱ्याला सगळे कानसेन म्हणत. तो चिडवायचा, “काकू, तुम्ही सिनेमा कुलपाच्या भोकातून बघता.”

“बघते की. पण कुलपाच्या भोकाला डोळा कधी लावतात? आत काहीतरी चाललेलं असतं तेव्हाच ना?”

काही वर्षांपूर्वी अंतराळातला एक सिनेमा असाच भोकातून आला. यानं दुरुस्त करणारी एक बाई, तिचा धाकटा भाऊ आणि मरत चाललेला एक ग्रह. शेवटच्या यानात एकच जागा उरते. भाऊ झोपलेला असताना बहीण त्याला न उठवता निघते. जाताना बंद दाराला सांगते, “येईन परत.” काकूंना दिसलं ते एवढंच, एक तोंड आणि भोवती काळोख. दार दिसलं नाही, ग्रह दिसला नाही, यान तर नाहीच. तरी ते वाक्य बसवल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि समोरचा चहा गार होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. सिनेमा धो धो चालला. लोक म्हणाले, काय ती यानं, काय ते तारे. काकू मनात म्हणाल्या, आता तो भाऊ जागा झाला असेल.

त्यामुळे दुसरा भाग येतोय म्हटल्यावर काकूंना एकाच गोष्टीची ओढ होती. ती परत गेल्यावर तो तिला काय विचारतो?

दुसरा भाग आला. अर्ध्याहून जास्त सिनेमा काळा होता, कारण कुणी बोलतच नव्हतं. मागून नुसते स्फोट, गडगडाट, वाद्यांचा कल्लोळ. शेवटी एकदाचे बहीणभाऊ भेटले. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, भोकात नुसती चकाकणारी काच. भाऊ म्हणाला, “तू?” मध्ये जरा थांबून बहीण म्हणाली, “चल.” आणि पुढे पुन्हा अंधार आणि धडामधुडुम.

काकूंनी ते मागे घेऊन परत पाहिलं. मग उठून मालकांच्या खोलीत गेल्या.

“मालक, मधला तुकडा पाठवायचा राहिलाय.”

“काही राहिलेलं नाही. पूर्ण आलाय.”

“अहो, जिने त्याला मरायला सोडलं ती समोर आली. हा म्हणतो ‘तू’ आणि ती म्हणते ‘चल’. भाजी घेताना भेटले असते तरी दोन शब्द जास्त बोलले असते.”

मालक हसले. माणूस वाईट नव्हता. काकूंपेक्षा वयाने बराच लहान, स्टुडिओ कसाबसा चालवणारा. “काकू, दुसरा भाग आहे हा. गोष्ट पहिल्या भागात सांगून झाली. आता लोकांना बघायचंय. कान घरी ठेवून आले तरी त्यांचं काही अडणार नाही.”

“मग मला कशाला ठेवलंय?”

“तोंडं हलतात ना. त्यांत काहीतरी घालायला लागतंच.”

त्या ‘काहीतरी’ने काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. जावई त्या सिनेमाचा भक्त. पहिला भाग त्याने पुन्हापुन्हा पाहिला होता, तोही यानांसाठी. कथा कुणाला सांगायची नाही अशी कंपनीची ताकीद होती, म्हणून काकूंनी एवढंच विचारलं, की अशा सिनेमाला गोष्ट लागते की नाही.

“आई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता,” जावई म्हणाला. “आतषबाजी बघताना कुणी विचारतं का, हिची गोष्ट काय?”

“आतषबाजी जरा वेळ असते, जावईबापू. अडीच तास कुणी लावली तर तुम्हीच कानांवर हात ठेवून घर गाठाल.”

“पण तुम्ही बघता भोकातून आणि नावं ठेवता चित्राला. कानात बोळे घालून गाण्याला नावं ठेवण्यातलाच प्रकार झाला हा.”

हे काकूंना लागलं, कारण त्यात तथ्य होतं. त्यांनी ताटाकडे बघत म्हटलं, “पहिलाही मी भोकातूनच पाहिला. तेव्हा रडले. आता भोकातून बघते तर हाताला काहीच लागत नाही. भोक तेच आहे ना?”

“जेवा आधी,” लेक म्हणाली. “तुमची यानं फिरताहेत आणि इथे ताटं निवताहेत.”

सोमवारी काकू कामाला बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हेल्मेटच्या काचेमागे ओठ दिसतच नाहीत. आयुष्यभर त्यांच्या पेनाला दुसऱ्याच्या ओठांची दावण होती. इथे दावण नव्हती. ‘तू’ आणि ‘चल’ यांच्या मधली ती जागा मोकळी पडली होती. त्यांनी त्या जागेत भावाला विचारायला लावलं, “का गेलीस?” आणि बहिणीच्या ‘चल’च्या आधी लिहिलं, “हात सोड माझा.” एवढ्या वर्षांनी भेटलेला भाऊ आधी हात धरणार, घट्ट धरणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी कानसेनने कागद उलटसुलट केला. “काकू, मूळ संवादांत हे नाहीये.”

“मूळ संवादांत बरंच काही नाहीये. तू आवाज घे.”

त्याने घेतला. आवाज देणाऱ्या दोघांनीही काही न विचारता म्हटलं, कारण त्यांना ती वाक्यं तिथलीच वाटली.

मग शेवटची तपासणी आली. एवढ्या एका दिवसासाठी कंपनीने पूर्ण चित्र पाठवलं आणि मालकांनी एक छोटा हॉल भाड्याने घेतला. मालक, कानसेन आणि काकू, तिघंच बसले. काकूंना हौस नव्हती, पण आपली वाक्यं बसलीत की नाही ते बघायला हवं होतं.

दिवे गेले आणि काकू थक्क झाल्या. काळोखाच्या जागी काळोख नव्हताच. तिथे निळे, सोनेरी ढग होते आणि त्यांतून मासोळ्यांसारखी यानं सुळसुळत होती. एक समुद्र उभाच्या उभा आकाशात चढत होता. ज्या भोकाला त्या सिनेमा समजत होत्या ते या सगळ्यात वाटाण्याएवढं असेल. काकू चष्मा पुसून पुसून बघत राहिल्या.

मग ती भेट आली. भाऊ एका यानात होता आणि बहीण दुसऱ्या यानात. दोघांच्या मध्ये एक अख्खा चंद्र जळत होता. दोघं एकमेकांशी बोलत होती ती यंत्रावरून. आणि त्या जळत्या चंद्राच्या पलीकडून बहीण ठणठणीत आवाजात म्हणाली, “हात सोड माझा.”

कानसेनने तोंडावर रुमाल धरला. मालकांनी तोही प्रयत्न केला नाही. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “काकू, केवढा लांब हात हो हा.”

काकूंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. एवढ्या वर्षांत त्यांचं वाक्य असं तोंडावर आपटलं नव्हतं. दिवे लागल्यावर त्या म्हणाल्या, “चूक माझी आहे. हात काढा.”

“सगळंच काढतो.”

“हात काढा म्हटलं मी. प्रश्न नाही.”

मालकांचं हसू थांबलं. “अहो, पाहिलंत ना आता? आवडलं नाही तुम्हाला?”

“आवडलं. खोटं कशाला बोलू, डोळे दिपले माझे. ज्यांनी केलं त्यांनी एकेक तारा घासूनपुसून लावलाय. म्हणून तर जास्त राग येतो. एवढा चंद्र जाळला आणि भावाच्या तोंडी एक प्रश्न द्यायला कुणाला सुचलं नाही? मला वाटलं होतं दोघं जवळ उभी आहेत. आता बघते तर मध्ये हे एवढं पेटलेलं. मग तर त्याने विचारायलाच हवं. नाहीतर तो चंद्र कुणासाठी जळतोय?”

“काकू, त्या गदारोळात कुणी ऐकणार आहे का? खुर्च्या हादरत असतील.”

“कुणी ऐकणार नाही?”

“कुणीही नाही.”

“मग राहिला तर कुणाचं काय बिघडतं?”

कानसेन त्याच्या यंत्राची बटणं पहिल्यांदाच बघितल्यासारखी न्याहाळू लागला.

“कंपनीने विचारलं तर?” मालक म्हणाले.

“माझं नाव सांगा. म्हणावं, एक म्हातारी ऐकेना.”

“आणि मी आत्ताच काढला तर?”

“तर उद्यापासून तोंडात काहीतरी घालणारं दुसरं माणूस बघा. मी वाक्यं लिहिते. काहीतरी लिहीत नाही.”

काकूंचा आवाज चढला नव्हता, पण मांडीवरची पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. या कामाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि या वयात दुसऱ्या कुठल्या जिन्याखाली कुणी जागा देणार नव्हतं. हे त्यांना माहीत होतं. मालकांनाही माहीत होतं.

मालकांनी मान खाजवली. मग कानसेनला म्हणाले, “हाताचं काढून लाव रे एकदा.”

जळता चंद्र पुन्हा आला. “तू?” भाऊ म्हणाला. “का गेलीस?” दोन स्फोटांच्या मधल्या फटीत तो प्रश्न अंग चोरून बसला होता. मग बहीण म्हणाली, “चल.” आवाज तोच होता, एकदाच घेतलेला. पण आता ती भावाला बोलावत होती असं वाटेना. ती प्रश्नापासून पळत होती.

“परत लाव,” मालक म्हणाले.

परत ऐकल्यावर ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, “ठेव. पण स्फोटाचा आवाज तसूभरही कमी होणार नाही, सांगून ठेवतो.”

“नका करू,” काकू म्हणाल्या. “मी स्फोटाकडे काही मागितलेलं नाही.”

सिनेमा लागला तेव्हा जावयाने दुपारच्या खेळाची तिकिटं काढली. हॉल भरलेला होता. काकू जावई आणि लेक यांच्या मध्ये बसल्या आणि ती भेट जवळ आली तशी त्यांची बोटं एकमेकांत अडकली. चंद्र पेटला. खुर्च्या खरोखरच हादरल्या. प्रश्न आला आणि गेला. काकूंनी जावयाकडे पाहिलं. त्याचा पॉपकॉर्नचा हात तोंडाशी थांबला होता, पण डोळे यानावर होते. त्याने काही ऐकलं नव्हतं. लेक चष्म्याच्या काचा पुसत होती. आजूबाजूला सगळे तोंड वासून वर बघत होते.

मालक बरोबर म्हणाले होते तर. काकूंनी पदर सारखा केला. असू दे, तिसऱ्या भागात दोन ओळी घालीन, त्या स्वतःला म्हणाल्या.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एक बाई आपल्या शेजारच्या माणसाला म्हणाल्या, “का गेली होती हो ती?”

“कोण?”

“ती बहीण. तो विचारतोय ना तिला.”

“मला काय माहीत? पहिल्या भागात यानं भारी होती, एवढं आठवतंय.”

“पण असं सोडून गेली म्हणजे काहीतरी झालं असेल ना?”

“गप बघ गं आता.”

“आई,” जावई काकूंचा हात हलवून म्हणाला, “इकडे बघा, आता चंद्र फुटतोय.”

काकूंनी त्याचा हात बाजूला केला. चंद्राकडे पाठ करून त्या पूर्ण वळल्या आणि खुर्चीच्या पाठीवर कोपर टेकून मागच्या बाईंच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “मी सांगते. तो झोपला होता.”

पुढच्या रांगेतून कुणीतरी शुक् शुक् केलं. काकूंनी आवाज तसूभरही कमी केला नाही.