झऱ्याच्या वरचे खड्डे

आमच्या पोलादपूरकडच्या वाडीतले मुलांचे जुलाब नव्या औषधाने थांबले, असे सरपंच सांगतात. मला हे साफ अमान्य आहे. ते औषध आधीच आले होते, तरी आजार होताच.

शौचालये आली, हा विकास खराच. पण अंगणासमोर शोभत नाहीत म्हणून सर्वांनी ती घरामागच्या चढावर बांधली, आणि पिण्याच्या पाण्याचा झरा तर घरांच्या खाली. खड्ड्यांतले पाणी मुरून झऱ्यातच उतरत होते. शौचालये झऱ्याच्याही खालच्या उतारावर हलवा, असे मी सभेत ठणकावले.

हेच सरपंच तेव्हा हसून म्हणाले, "तात्या, पावसात एवढं खाली उतराया तुमच्या गुडघ्यांना जमनार नाय!"

"गुडघे माझे दुखतील, पोट पोरांचं दुखतंय."

सभा हसली. माझ्या वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा नातू महाडच्या दवाखान्यात सलाईनवर होता. पहिला खड्डा त्यांनीच बुजवून झऱ्याखाली नवा खणला आणि मग सारी वाडी त्यांच्यामागे गेली.

आता तो नातू झऱ्याचे पाणी ओंजळीने पितो. खड्डे हलवण्याची कल्पना मुळात आपलीच होती, असे वहिनी सांगतात. तेही खोटे आहे. पण चहा त्या उत्तम करतात, म्हणून मी बसूनच भांडतो.