आज नोको

आलापल्लीच्या स्टँडवर चंद्रपूरची गाडी लागली. बाबांनी माझी बॅग आत चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी आले. "तिथी सबन गोड बोलतेत. तोंड नोको पाहू, पाय पाह्य." एवढंच बोलले. आईचे डोळे पुसून होण्याआधीच गाडी हलली. मी मनात म्हटलं, पुण्याला नोकरीवर चालले आहे, जंगलात नाही.

गावी राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं बॅग घेऊन निघालेल्यांनो, तो सल्ला मी अर्धाच ऐकला. आज पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत चौदा जणांची टीम सांभाळते ती संशयावर. कोणी "ऑलमोस्ट डन" म्हटलं की माझे कान टवकारतात. "नव्वद टक्के झालं" म्हणणाऱ्याला मी आधी उरलेल्या दहाचं विचारते. कोणाचा कॅमेरा नेमका सोमवारी बिघडतो, कोणाची आजी दर रिलीजला आजारी पडते, सगळं ध्यानात असतं. आणि एवढी चौकस मी, स्वतःचं गाव मात्र लपवून होते. बोलीतलं मले-तुले पहिल्याच वर्षी गिळून टाकलं. कोणी विचारलंच तर "नागपूरकडची" म्हणून मोकळी व्हायचे.

बाबा सागवानाच्या कटाईवर मुकादम होते; लहानपणी सुट्टीत मीही टोळीमागून जायचे. जंगलात वाघाचं नाव घ्यायचं नाही, हा त्यांच्या टोळीचा नेम. पुढे चालणाऱ्याला काही दिसलं, नुसता वास आला, तरी तो जागीच थांबायचा. त्याच्या अनवाणी पायाची बोटं माती धरायची आणि तो म्हणायचा, "आज नोको." की टोळी वळली. काऊन म्हणून कोणी विचारत नसे, बाबाही नाही. दिवस वाया गेला म्हणून साहेब ओरडायचा, तेव्हा बाबा एकटे पुढे उभे राहून ऐकून घ्यायचे. मला तेव्हा त्यांची लाज वाटायची.

गेल्या वर्षी आमच्या टीममध्ये भारती आली. आमच्याच भागातल्या गोंडपिपरीची, टेस्टिंगला, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. तिच्या घरातली ही पहिली नोकरी, आणि ती पक्की करायची की नाही ते माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. ती मला ओळखेल या धास्तीने मी तिच्याशी जरा जास्तच शुद्ध बोलायचे.

एका हॉस्पिटलसाठी अपॉइंटमेंटचं ॲप होतं. रिलीजच्या मीटिंगला सगळ्या टेस्ट पास झालेल्या, सगळे "गो" म्हणाले. भारती म्हणाली, "आज नोको, मॅडम."

"का?"

"सांगता नाई येत. पण आज नोको."

टीममध्ये कोणीतरी हसलं. मी तिच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. हिने टेस्टिंग केलंच नसेल. दुसरीकडे ऑफर असेल. तिचे सगळे रिपोर्ट उघडून पाहिले, एक चूक सापडली नाही, तर संशय आणखीच वाढला. शेवटी रिलीज करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका पेशंटच्या स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव आणि आजार दिसायला लागला. ॲप बंद करावं लागलं. भारतीला बोलावलं. ती खाली मान घालून म्हणाली, "मले एकदाच दिसलं होतं, एका सेकंदासाठी. मंग कितीक डाव पाह्यलं, दिसलंच नाई. नाव घेतलं असतं तं तुमी पुरावा मांगला असता."

मागितलाच असता.

तिच्या प्रोबेशनच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: धोका वेळेत कळवला का? मला फक्त "नाही" लिहायचं होतं. मी वाचले असते, ती घरी गेली असती. खोटं म्हणून कोणी बोटही दाखवलं नसतं. रविवारी बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. वाटलं, समजूत घालतील. त्यांनी एकच विचारलं, "त्या पोरीचं तिथी आपल्याकडचं कोणी हाय का वं?"

मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला. भर मीटिंगमध्ये माझ्या घरचा शब्द माझ्यासमोर उच्चारला गेला होता, आणि चौदा जणांत तो ज्या एकटीला कळायला हवा होता तिनेच कारण विचारलं होतं.

फॉर्मवर "हो" लिहिलं. खाली लिहिलं, कळवला होता, मी ऐकलं नाही. बॉससमोर उभी राहून जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. मग भारतीला गाठून म्हटलं, "मी आलापल्लीची हाय वं." तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तिचा विश्वास बसला नव्हता. बसावा तरी कसा?

भारती आता पक्की झाली आहे. मागच्या महिन्यात पुन्हा रिलीज होता, क्लायंट कॉलवर, सगळे "गो" म्हणालेले. भारती गप्प होती. माझ्या मनात संशय आलाच, तो काही जायचा नाही. पण या वेळी मी तोंड पाहिलं नाही. टेबलाखाली तिने चपला काढल्या होत्या आणि पायाची बोटं फरशीवर घट्ट रोवली होती.

बाबांच्या टोळीत पाहिलेले ते पाय इतक्या वर्षांनी मी पुन्हा पाहत होते. पुण्यात, अकराव्या मजल्यावर, मला घरी आल्यासारखं वाटलं.

माइक चालू केला आणि म्हणाले, "आज नोको."

"व्हाय?" बॉसने विचारलं.

भारतीने मान वर केली. मी म्हटलं, "सांगता नाई येत."