लाभ, दोन, तीन

कौसाआक्का मुलं मोजायच्या त्या धान्य मोजल्यासारख्या. खळ्यावर ज्वारीचं माप भरताना आपल्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. वसतिगृहाच्या व्हरांड्यात संध्याकाळी चाळीस मुलं ओळीनं उभी राहायची आणि आक्का प्रत्येकाच्या डोक्यावर तळहात टेकवत पुढे सरकायच्या. नुसतं बघून त्या कधी मोजत नसत. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्यांनी मोजणी थांबवली नाही. चाळीस पुरे केले आणि मग माझ्याकडे वळल्या. “कावून हसता बाई? एक म्हनलं की लेकरू एकटं वाटतं. लाभ म्हनलं की मागं अजून हाईत आसं वाटतं.”

अनय आणि इरा, परवा फोनवर तुम्ही तुमच्या नव्या खेळाबद्दल सांगत होतात. त्यात बिबट्याची मादी होऊन रानात जगायचं आणि पिल्लं वाढवायची. एखादं पिल्लू मेलं तर काय करता, असं मी विचारलं. इरा म्हणाली, “काही नाही आजी, रीस्टार्ट.” फोन ठेवला आणि मी कागद घेऊन बसले. पंचवीस वर्षांपूर्वी माजलगावात एक बाई जवळजवळ हाच खेळ खेळत होती. तिची हकीकत मी तुमच्या बाबांनाही पूर्ण सांगितलेली नाही. आता क्रमानं लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत असे. शाळेला लागूनच एक वसतिगृह होतं. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातली हजारो माणसं ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे जातात आणि कारखाने बंद झाले की पाडव्याच्या सुमारास परततात. त्यातल्या काहींची मुलं सहा महिने या वसतिगृहात राहत. त्यांना सांभाळायच्या कौसाआक्का. मूळच्या नांदूरघाटच्या, मेंढपाळाच्या घरातल्या. शिक्षण चौथी. नवरा लवकर गेला, मूल नाही. नऊवारी लुगडं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर असा भाव की मोठी मुलंसुद्धा समोर आली की शर्टाची बटणं लावून घेत.

दसऱ्याला आईबाप मूल सोडून निघाले की आक्का त्यांना धीर वगैरे देत नसत. एवढंच सांगत, “चाळीस घेतलेत, चाळीस देईन.” त्यांच्या आयुष्यात दुसरी कुठलीही मोठी गोष्ट नव्हती. पाडव्याला ओळ जशीच्या तशी परत करायची. माझ्या आधीच्या आठ वर्षांत त्यांनी ती तशीच परत केली होती.

जेवणात त्यांचा एक नियम होता. मागणाऱ्याला नंतर, न मागणाऱ्याला आधी. “मागनारं जगतंच बाई,” त्या म्हणायच्या. “गप बसनाऱ्याकडं बघावं लागतं.” मला हा नियम इतका आवडला होता की मी तो वर्गातही पाळू लागले.

नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. गावात केबल आली होती, एसटीडी बूथ झाले होते, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी शाळेला एक कॉम्प्युटर दिला. नारळ फुटला, भाषणं झाली, मग प्रश्न आला की हा सांभाळायचा कोणी. त्यातलं सगळं इंग्रजीत होतं म्हणून इंग्रजीच्या बाईंकडे, म्हणजे माझ्याकडे, तो सोपवला. मला तेव्हा साधं कॅलक्युलेटर धड वापरता येत नव्हतं. चपला बाहेर काढून त्या खोलीत जायचं, आवरण काढायचं, घडी घालायची, आणि वीज असेपर्यंत बसायचं. मशीन बसवायला आलेल्या माणसानं एक खेळ त्यात घालून ठेवला होता. त्यात आपण लांडगी. बर्फाचा मुलूख, गुहेत चार पिल्लं. शिकार करून आणायची, पिल्लांना खाऊ घालायचं, माणसांपासून आणि गरुडापासून वाचवायचं. वर्षभर जगली तर पिल्लं मोठी होऊन आपल्या वाटेनं जातात.

एका दुपारी आक्का कुणाच्या तरी आईबापांचं गिचमिड अक्षरातलं पत्र वाचून घ्यायला आल्या आणि पडद्याकडे बघत राहिल्या. “ही लांडगी हाय?” त्या म्हणाल्या. “शेळीवानी चालती.” पण पत्र ऐकून झाल्यावरही उठल्या नाहीत. त्यांनी खरे लांडगे पाहिले होते. लहानपणी त्यांच्या वडलांनी लांडग्याचं बीळ शोधून तोंडाला दगड लावले होते, आणि आतला आवाज दोन दिवस येत होता. हे त्यांनी मला सांगितलं ते भाजीचा भाव सांगावा तसं. दुसऱ्या दिवशी मुलांची जेवणं उरकून, मुलं शाळेत बसल्यावर, त्या पुन्हा आल्या. “सरका,” म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी अर्धा-पाऊण तास आम्ही दोघी. बाण असलेल्या चार कळा त्या दाबायच्या, खाली उमटणारं इंग्रजी मी सांगायची. तहान लागली, थकली, पिल्लं भुकेली आहेत. पिल्लांना त्यांनी नावं ठेवली दगडी, धोंडी, केरी आणि उकिरडी. चांगलं नाव ठेवलं की नजर लागते, म्हणाल्या. मी म्हटलं, कॉम्प्युटरला कोण नजर लावणार? “तुमीच लावाल,” त्या म्हणाल्या. “किती येळ टक लावून बघता.”

पहिल्यांदा पिल्लू मेलं तेव्हा पडद्यावर एक ओळ आली. मी ती जरा मऊ करून सांगितली, “एक पिल्लू हरवलं.” आक्कांनी कळांवरचा हात काढला. “हरवलं का मेलं? नीट सांगा.” मेलं, मी म्हणाले. “मग तसं म्हना. हरवलं म्हनलं की हुडकाया जावं वाटतं.”

आणि त्यांनी खेळ पहिल्यापासून लावायला सांगितला. एक कळ दाबली की पुन्हा बर्फ, पुन्हा गुहा, पुन्हा चार पिल्लं. तीन उरली तरी खेळ पुढे चालतो, हे मी त्यांना समजावून पाहिलं. “चार दिलीत तर चार,” त्या म्हणाल्या. “तीन घिऊन कोनाला तोंड दावू?” पुढचे दोन महिने असेच गेले. एक मेलं की सगळं पहिल्यापासून. बर्फ वितळेपर्यंत चारही पिल्लं त्यांना कधी जगवता आली नाहीत.

आता छबूबद्दल. वडवणीकडची, नऊ वर्षांची, दोन वेण्या, त्यातली एक कायम सुटलेली. ओळीत पहिली उभी राहण्यासाठी ती दोघा-तिघांना ढकलून पुढे यायची, कारण तिला ‘लाभ’ व्हायचं असे. दिवसभर तिची काही ना काही तक्रार. आक्का, पोट दुखतंय. आक्का, हिनं माझी रिबन घेतली. आक्का, भाकरी जाड हाय. “छबे, तुजं तोंड हाय का टेपरिकार्डर?” आक्का म्हणायच्या, पण तिच्या डोक्यावर तळहात इतरांपेक्षा क्षणभर जास्त थांबायचा. मी पाहिलं आहे.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारचे दोन, बाहेर लख्ख ऊन. चारही पिल्लं जिवंत होती, पण दोन दिवसांची उपाशी, आणि लांडगी एका सशाच्या मागावर होती. दाराशी छबू येऊन उभी राहिली. “आक्का, मला थंडी वाजतीया.”

आक्का अर्धवट उठल्या. मी म्हणाले, “छबू, जरा उन्हात जाऊन बस. आक्का येतात पाच मिनिटांत.” आणि आक्कांना म्हणाले, “बसा हो, ससा अगदी जवळ आलाय.”

त्या बसल्या. ससा मिळाला. चारही पिल्लांनी खाल्लं. माझ्यावरच सोपवलं असतं तर मीही तो ससा सोडला नसता. वीस मिनिटं गेली असतील. आक्का बाहेर आल्या तेव्हा छबू वर्गात परत गेली होती, म्हणून त्या कामाला लागल्या.

संध्याकाळी ओळ लागली. छबू पहिलीच उभी होती. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, “लाभ” म्हणाल्या, आणि हात तिथंच राहिला. ‘दोन’ आलंच नाही.

गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितल्या. सकाळी तिला झटके येऊ लागले तेव्हा जीपमध्ये घालून बीडला निघालो. छबू आक्कांच्या मांडीवर होती. वडवणीच्या पुढे आल्यावर आक्का ड्रायव्हरला हळू आवाजात म्हणाल्या, “आता सावकाश चालव.”

मेंदूत गेलेला ताप होता, अर्ध्या-एक तासानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते वाक्य मी आजवर जपून ठेवलं आहे. त्यावर कधी टेकता मात्र आलं नाही.

आईबाप सांगलीकडे ऊस तोडत होते. कारखान्याच्या ऑफिसात फोन करायचा होता. बूथवर जाताना आक्कांनी माझा हात धरला. “बाई, सरळ सांगा. शिरीयस म्हनू नका. माय रस्ताभर आस लावून येईल.” मी हो म्हटलं. पलीकडून कुणा अनोळखी माणसाचा आवाज आला आणि मी म्हणाले, “मुलगी फार सिरीयस आहे, दोघांना लगेच पाठवा.” सगळे तसंच सांगतात. मला वाटलं, तेच बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं एसटीतून उतरली. छबूच्या आईच्या पदरात चार मोसंबी बांधलेली होती. आजारी मुलीसाठी. आक्कांनी ती पाहिली. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्यांनीच पुढे होऊन त्या बाईला काय ते सांगितलं, नीट शब्दांत. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली, पदराची गाठ सोडून एकेक मोसंबं खाली ठेवलं आणि विचारलं, “जेवली हुती का?”

“परवा सकाळी पोटभर,” आक्का म्हणाल्या. “दोनदा मागून घेतलं.”

पाचव्या दिवशी ती दोघं पुन्हा उसाच्या फडात गेली. कुणी त्यांना अडवलं नाही. हंगाम चालू होता.

वसतिगृहात संध्याकाळची ओळ पुन्हा लागू लागली. पहिली जागा मुलं रिकामी ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं. आक्का त्या रिकाम्या जागेपुढून जाऊन दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवत आणि मोजणी ‘दोन’पासून सुरू करत. त्यामुळे शेवटी चाळीसच यायचे. मी हे रोज ऐकत होते. गावात बोललं जात होतं. म्हातारपणी बाईला खेळाचा नाद लागला, असं. आक्कांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. बसा म्हणणारी मी होते, हे मीही कुणाला सांगितलं नाही.

महाशिवरात्रीनंतर एका दुपारी त्या कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. चपला बाहेर काढल्या, माझ्या शेजारी बसल्या. खेळ जिथं थांबवला होता तिथंच होता, चार पिल्लं, सशावर जेवलेली. आक्का खेळू लागल्या. तिसऱ्या दिवशी गरुडानं केरीला उचललं.

मी सवयीनं पहिल्यापासून लावायच्या कळेकडे हात नेला. आक्कांनी माझं मनगट धरलं.

“राहू द्या.”

“आक्का, चार दिलीत तर चार, असं तुम्हीच—”

“पयल्यापासून लावलं तर ह्या तिघांचं काय?” त्या म्हणाल्या. “ह्यांला बी भूक लागली आसंल की.”

मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. काचेवर डाग पडू नये म्हणून मी रोज किती जपत असे, पण तेव्हा बोट टेकू दिलं. दगडी, धोंडी, उकिरडी. “लाभ,” आक्का म्हणाल्या. “दोन. तीन.”

त्या संध्याकाळी व्हरांड्यात त्यांनी मुलांना पुढे सरकायला लावलं. पहिल्या जागी एक अबोल मुलगी आली. आक्कांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण शब्द स्पष्ट होता. मोजणी एकोणचाळीसवर संपली. मुलं आत गेल्यावरही आक्का व्हरांड्यात उभ्याच होत्या.

ती तीन पिल्लं त्यांनी खेळातलं वर्ष पुरं होईपर्यंत जगवली. शेवटचं पिल्लू बर्फावरून दूर निघून गेलं तेव्हा इंग्रजीत एक ओळ आली. आता ते आपलं आपण जगेल, अशी. मी ती जशीच्या तशी सांगितली. आक्का उठल्या, चपला घातल्या, आणि त्या खोलीत पुन्हा कधी आल्या नाहीत. पाडव्याला त्यांनी एकोणचाळीस मुलं हातात हात देऊन परत केली. छबूची आईही फाटकाशी आली होती. सगळी मुलं जाईपर्यंत ती उभी होती आणि आक्काही तिच्याशेजारी उभ्या राहिल्या.

आणखी तीन हंगाम काढून आक्का नांदूरघाटला भावाकडे राहायला गेल्या. मी त्यांना बसस्टँडवर पोचवायला गेले. एसटी लागली होती. मी म्हणाले, “आक्का, त्या दिवशी तुम्ही उठत होता. बसा, मी म्हणाले.”

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तुमी म्हनलात,” त्या म्हणाल्या. “बसले मी.” मग गाडीच्या दांडीला हात घालत, “दोघींचं हाय, बाई. तुमी एकल्या घिऊन बसू नका.” आणि त्या गाडीत चढल्या. त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन वर्षांनी कुणीतरी सांगितलं की त्या गेल्या.

मुलांनो, तुमचा खेळ मला कळत नाही आणि तो खेळू नका असंही मी म्हणणार नाही. पुढच्या वेळी पिल्लू मेलं तर ते बटण लगेच दाबू नका, एवढंच. आधी गुहेत किती उरलीत ते मोजा. ती उपाशी असतील.