पट्टीकाकांची कात्री

पट्टीकाका ईसीजीच्या पट्टीला कात्री लावायला कधी राजी नसत. भिवंडीतल्या आमच्या त्या छोट्या हॉस्पिटलात ऐंशीच्या दशकात ईसीजीचं एकच मशीन होतं आणि ते काकाच चालवायचे. ठोके कागदाच्या लांब फितीवर उमटत. रीत अशी, की त्यातले स्वच्छ तुकडे कापून कार्डावर चिकटवायचे आणि डॉक्टरांनी ते कार्ड बघायचं. काका मात्र अख्खी फीत घडी घालून माझ्या टेबलावर ठेवत. वर म्हणत, "माहीत हाय मला, तुम्ही वैतागणार."

मी तेव्हा नवी डॉक्टर, डोक्यात डिग्रीची हवा. "काका, ही फाईल आहे का पतंगाची शेपटी?" असं सगळ्यांसमोर म्हणायची. ते शांतपणे सांगत, "मॅडम, काळीज काय मोजून ठोके देत न्हाय. मग आपण मोजून कशाला कापायचं?"

माणूस जवळच्या शेलार गावचा. सकाळी भाताचं बघून सायकलवर ड्युटीला येणार. छातीवर लावायच्या वाट्या गार लागतात म्हणून आधी तळहातांत धरून ठेवणार. पेशंट यंत्रमागावर राबणारा, उत्तरेकडचा लूमवाला असला तर मोडक्यातोडक्या हिंदीत विचारणार, "आपके गाँव में आम होता है क्या?" घाबरलेला माणूस आंब्याच्या गोष्टी सांगता सांगता निवांत पडायचा. मला तो सगळा खोळंबा वाटे. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा रागच यायचा.

एकदा मोठे डॉक्टर फुगलेल्या फायलींवरून मला बोलले. वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसा मी तो राग काकांवर काढला. "उद्यापासून प्रत्येक पट्टीचे चार-चार ठोके कापायचे, चिकटवायचे. बाकी कचऱ्यात. कळलं?" काका नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

त्याच आठवड्यात भर दुपारी एक लूमवाला आला. चाळिशीचा, छातीत जळजळ, डावा खांदा चोळत होता. सोबत बायको. "गैस है मैडम, गोली दे दो, शिफ्ट छूट जाएगी," हेच त्याचं पालुपद. काकांनी पट्टी काढून कार्ड आणलं. अगदी मला हवं तसं, नीटनेटकं. दारात घुटमळत म्हणाले, "मॅडम, उरलेली पण बघता का? मला त्यातलं कळत न्हाय, पण शेवटाला जरा येगळं दिसतंय." बाहेर पेशंट ताटकळले होते. "हललाबिलला असेल तो. कार्ड साफ आहे ना?" मी म्हटलं. ॲसिडिटीची गोळी लिहिली आणि त्याला सोडलं.

संध्याकाळी त्याला उचलूनच परत आणलं. लूमपाशी कोसळला होता. माझ्या हातात करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. त्याची बायको मला एकच विचारत होती, "दोपहर को तो ठीक था ना, मैडम?"

चौकशी झाली. फायलीत चार ठोक्यांचं कार्ड तेवढं सापडलं, बाकीची पट्टी नव्हती. मोठ्या डॉक्टरांसमोर काका आणि मी शेजारी शेजारी उभे. "पट्टी कोणी कापली?" काका म्हणाले, "मी." विचारलेल्या प्रश्नाचं ते खरं उत्तर होतं. कापायला कोणी सांगितलं, हे कोणी विचारलं नाही आणि माझं तोंड उघडलं नाही. काकांना मशीनवरून काढून चादरी मोजायला बसवलं. मला कोणी काही बोललं नाही. काका भेटले की "जेवलात का मॅडम?" एवढंच विचारत. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

मशीन दुसऱ्या कोणाला जमेना, म्हणून तीन महिन्यांनी त्यांना परत बोलावलं. आल्या आल्या त्यांनी मशीनजवळची कात्री उचलली आणि ड्रेसिंगच्या सिस्टरकडे देऊन टाकली. त्यानंतर मी प्रत्येक पट्टी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली. कितीतरी माणसं त्यामुळे घरी जायच्या ऐवजी खाटेवर राहिली, वाचली. लोक म्हणत, मॅडमची नजर तेज आहे. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे नव्वदच्या दशकात नवं मशीन आलं, सगळा ईसीजी एका कागदावर. काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी माझ्या खोलीत येऊन त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. आत वीतभर पट्टी. आधी तीन साधे ठोके, मग लागोपाठ पाच रुंद, वेडेवाकडे. मागे त्या दुपारची तारीख, काकांच्या अक्षरात. ही पट्टी बघितली असती तर मी त्या माणसाला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

"त्याच दिवशी कचऱ्यातनं काढून ठेवलेली," काका म्हणाले.

"चौकशीत का नाही दाखवलीत?"

"दाखवली असती तर तुम्ही डॉक्टरकीच सोडली असती. मग पुढच्या माणसाची पट्टी कोण वाचणार?" मग म्हणाले, "पण आता माझ्याच्यानं सांभाळवत न्हाय. तुमची हाय, तुम्ही ठेवा."

काका जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या लूमवाल्याच्या बायकोचा पत्ता मी जुन्या रजिस्टरातून उतरवून घेतला होता. एकदा पट्टी पर्समध्ये घालून तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, लूमचा खडखडाट ऐकला आणि मागे फिरले. पट्टी अजून माझ्याकडेच आहे.