सोलापूरचं जिंजर आणि सुधाचं लग्न

सकाळच्या गाडीने पुणे सोडलं तेव्हा माझ्याजवळ सामान असं नव्हतंच. एक पिशवी, पाण्याचा तांब्या आणि मामांची आज्ञा. "सोलापूरला जा, त्यांचं ते जिंजर पिऊन बघ आणि नशा येते की नाही ते मला खरं सांग. येत असेल तर हे लग्न होणार नाही." असल्या कामगिरीवर कुणाला पाठवल्याचं निदान मी तरी ऐकलं नव्हतं.

मामांची सुधा सोलापूरच्या महांतेशला दिली होती. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या. महांतेशच्या वडिलांचा, वीरभद्रअण्णांचा, सोड्याचा छोटा कारखाना होता आणि लग्नात सगळ्या वऱ्हाडाला घरचं जिंजर, म्हणजे आल्याचं फेसाळ पेय, पाजायचं, असं त्यांनी मोठ्या हौसेनं जाहीर केलं होतं. मग कुणीतरी मामांच्या कानात सांगितलं की ते जिंजर आंबवलेलं असतं. मामा निवृत्त शिक्षक, श्रावणात मठात प्रवचनं करणारे. "आंबवलेलं म्हणजे मद्यच," त्यांनी निकाल दिला. सुधा दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी तिनंच सुचवलं की शंकरदादाला पाठवा. मी औषधाच्या दुकानात कंपाउंडर, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं मोठा रसायनशास्त्रज्ञ!

दौंड गेलं, भीमेचा पूल गेला आणि बाहेरचा हिरवा रंग मागे राहिला. काळी, भेगाळलेली जमीन, मधूनच एखादी बाभूळ आणि तिच्या विरळ सावलीत एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या असलेल्या मेंढ्या. समोरच्या बाकावर फेटेवाले एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "सोलापुरात कुणाकडं?"

"सोयऱ्यांकडं. जिंजर प्यायला चाललोय," मी खरं ते सांगून टाकलं.

"आन् त्यासाठनं पुण्यास्नं आलाय व्हय?" ते डबाभर ऐकू जाईल असे हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "वीरभद्राप्पाचंच प्या. माझी म्हातारी तापातनं उठली तवा पयलं त्येच मागितलं तिनं."

सोलापूरला उतरलो तेव्हा फलाट तव्यासारखा तापला होता. महांतेश न्यायला आला होता. उंच, सडपातळ, बोलताना मान किंचित झुकवणारा. आपल्याला कशासाठी तपासायला आले आहेत हे त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं माझी पिशवी हातातून काढून घेतली आणि टांग्यात स्वतः उन्हाच्या बाजूला बसला. वाटेत गिरणीचा भोंगा झाला. प्रत्येक गल्लीतून मागांचा खटखटाट येत होता आणि दारादारात रंगवलेलं सूत वाळत होतं. एका घरातल्या बायका मोठ्यानं तेलुगूत भांडत होत्या. "भांडत नाहीत," महांतेश म्हणाला. "जेवायला बोलावतायत."

कारखान्यावर पाटी नव्हती. पत्र्याखाली एक लांब खोली, ओली शहाबादी फरशी आणि भिंतीला लागून चिनी मातीच्या मोठाल्या बरण्या. दारातून आत पाऊल टाकलं आणि आल्याच्या वासानं डोक्यातलं ऊन उतरलं. अण्णा बाहेर आले. कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हात आल्यानं पिवळे. "बर्री, बर्री (या, या)," म्हणत त्यांनी मला ओट्यावर बसवलं.

गावात सोडा करणारे पुष्कळ होते. परदेशी कंपनीचं काळं पेय देशातून गेलं, त्यानंतरचा हा उन्हाळा. जो तो गॅसचं यंत्र आणून रंगीत पाण्याला बुडबुडे आणत होता. अण्णांच्या जिंजरमधला बुडबुडा मात्र आपला आपण येई. ठेचलेलं आलं, साखर आणि लिंबू यांच्या पाण्यात ते हेप्पु (विरजण) घालत. ते हेप्पु त्यांच्या आईनं सुरू केलं होतं आणि रोज थोडी साखर देऊन ते जिवंत ठेवावं लागे. बरणीला कान लावला तर आत बारीक सूंऽऽ असा आवाज येत होता. बाटल्यांना बूच मारून वरून सुतळीनं आवळत, नाहीतर बूच उडून जाई.

"कुडीरी (प्या)," अण्णांनी बाटली पुढे केली.

पहिल्या घोटाला जीभ चरचरली, दुसऱ्याला नाकातून वारा गेला. तिसऱ्याला घशापासून पोटापर्यंत एक गार रेघ उतरली आणि तिच्या मागोमाग आल्याची ऊब. गोडी अशी की आहे म्हणेपर्यंत संपावी. आयुष्यात इतकं चांगलं काही मी प्यालो नव्हतो. दुसरी बाटली मी चौकशीसाठी घेतली. तिसरी घेतली तेव्हा चौकशी विसरलो होतो. तिन्ही संपवून फरशीवरच्या फटीवरून सरळ चालून पाहिलं. पाय ठीक पडत होते. महांतेश तोंड फिरवून हसत होता.

दुपारी जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी, सायीचं दही आणि माझ्यासाठी म्हणून मुद्दाम केलेली हुग्गी (गव्हाची खीर). अण्णांच्या पत्नी, काकू, पानात वाढतच होत्या. मी कानडीतला माझा एकमेव शब्द वापरला, "साकु, साकु (पुरे)." त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी आणखी एक पळी वाढली.

आता विचारायलाच हवं होतं. "अण्णा, यात थोडी नशा असते का?"

अण्णांचा घास हातातच राहिला. "म्हंजे तुमी त्येच्यासाठी आलाय?"

महांतेशनं वडिलांना सांगितलंच नव्हतं. मी मान डोलावली. त्यांनी घास ताटात ठेवला. "माझ्या गळ्यात लिंग हाय, पाव्हणं. शिंदीच्या झाडाच्या सावलीला बी आमी बसत न्हाय. आन् सोयरा इचारतोय, तुमी दारू इकता का?" एवढं बोलून ते उठले आणि कारखान्यात निघून गेले. काकूंनी पदर तोंडाला लावला. हुग्गी गोड लागेना.

दिवस कलला तसा महांतेश मला विजापूर वेशीकडे घेऊन गेला. "आमचंच बघून ठरवू नका," तो म्हणाला. "गावात हेप्पुवर करणारे आता दोघंच उरलेत, अण्णा आणि हुसेनचाचा." मला हे मनापासून आवडलं. आपलं लग्न टांगणीला लागलेलं असताना हा मुलगा मला प्रतिस्पर्ध्याच्या दारात घेऊन आला होता!

हुसेनचाचांचा कारखाना म्हणजे कडुलिंबाच्या झाडाखाली चार बरण्या आणि एक बाकडं. ते साखरेऐवजी गूळ वापरत, वर मिरी टाकत. त्यामुळे त्यांचं जिंजर काळसर आणि तिखट. "पीको देखो साब, कलेजा ठंडा होता," ते म्हणाले. मी प्यालो. छातीत दिवा लागला. नशेचं विचारल्यावर ते अण्णांसारखे रागावले नाहीत. बाटली उन्हात धरून म्हणाले, "ताजा है तो शरबत. हफ्ताभर रखे तो बिगडता. बिगडा हुआ हम मोरी में डालते, अण्णा बी डालते. और एक बात बोलूँ? मेरे से अण्णा का माल अच्छा है. पर उनकू नक्को बोलो."

म्हणजे उत्तर मिळालं होतं, पण सरळ नव्हतं. आंबवलं की मद्याचा थोडा अंश येणारच, एवढं माझ्यासारख्या कंपाउंडरलाही कळत होतं. नाममात्र, दह्याताकात असावा तितका. पण मामांना 'थोडा' हा शब्द चालत नसे. खोटं बोललो तर लग्न होणार होतं. खरं बोललो तर सुधाचं काय? रात्री गच्चीवर सोलापुरी चादर पांघरून पडलो, तरी झोप लागेना.

सकाळी स्टेशनवर आलो तर फलाटावर अण्णा उभे. धुवट धोतर, नवी टोपी, पायाशी बाटल्यांचं लाकडी खोकं. "मी बी येतो," ते म्हणाले. "जे इचारायचं ते तुमच्या मामांनी मला इचारावं. मधल्या माणसाच्या गळ्यात कशाला?"

गाडीत अण्णांनी खोकं बाकाखाली सरकवलं आणि ते खिडकीकडे तोंड करून बसले. कुर्डुवाडी मागे पडली आणि डबा भट्टीसारखा तापला. तेवढ्यात बाकाखाली ठॉक् असा आवाज झाला. एक बूच सुतळी तोडून छताला लागलं आणि समोर झोपलेल्या गृहस्थाच्या पोटावर पडलं. ते "गोळी! गोळी!" करत उठले. तोवर दुसरं उडालं, तिसरं उडालं. फेसाचा लोट साऱ्या डब्यातून वाहू लागला. बायकांनी पाय वर घेतले, पोरांनी तळहात पुढे केले. अण्णा खोक्यावर पालथे पडून उरलेली बुचं दोन्ही हातांनी दाबत ओरडत होते, "ओला टावेल टाका! टावेल!" मी तांब्यातलं सगळं पाणी खोक्यावर ओतलं, त्यातलं निम्मं अण्णांवर पडलं.

नेमका तेव्हाच तिकीट तपासनीस आला. वास घेऊन म्हणाला, "दारू नेताय? परवाना दाखवा."

दोन दिवसांत दुसऱ्यांदा तोच प्रश्न! आता अण्णा पेटणार असं मला वाटलं. पण अण्णा ओलेचिंब उठले, त्यांनी एका बाटलीचं बूच काढलं आणि ती शांतपणे त्याच्यापुढे धरली. "प्या सायेब. मग सांगा काय हाय."

तो प्याला. टोपी काढून त्यानं कपाळ पुसलं आणि पुन्हा प्याला. "आमच्या लाइनीवर हे का मिळत नाही?" असं विचारून रिकामी बाटली ठेवून गेला. अण्णा माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसले. मग दौंड येईपर्यंत ते आईच्या, हेप्पुच्या आणि आल्याच्या जातींच्या गोष्टी सांगत होते.

पुण्याला मामा दारातच उभे होते. अण्णांना बघून गडबडले, पण पाण्याचा तांब्या त्यांनी स्वतः पुढे केला. दिवाणखान्यात सगळे बसल्यावर मी जे कळलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं. 'थोडा' हा शब्द आला तशी मामांची नजर खाली गेली.

"अंश हाय," अण्णा म्हणाले. "आंबिलीत असतो तेवढा. मी न्हाय म्हणणार न्हाय."

मग मामा म्हणाले, "वीरभद्रअण्णा, तुमचा अपमान करायचा नव्हता. माझा थोरला भाऊ दारूनं गेला. शेवटी त्याला मीच उचलून घरी आणायचो. बाटलीचं बूच उघडल्याचा आवाज आला की अजून माझ्या अंगावर काटा येतो." हे मलाही ठाऊक नव्हतं. घरात मोठ्या मामांना 'पोटाचा विकार' होता, असंच आम्हा मुलांना सांगितलेलं.

अण्णांचा चेहराच बदलला. ते उठून मामांच्या शेजारी जाऊन बसले. "मग तुमी भ्यालात ते बरोबर हाय. लग्नात माझी एक बी बाटली येणार न्हाय. वाळ्याचं पाणी पाजू की. पोरांचं लग्न मोठं, का माझं जिंजर?"

एवढा वेळ आतल्या दारात उभी असलेली सुधा बाहेर आली. तिनं खोक्यातून बाटली घेतली, सुतळी सोडली, बूच पदरात धरून हलकेच काढलं. आवाज झाला नाही. पेल्यात ओतून ती वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, काका प्यायचे ते लपवून. आपणही ते लपवूनच ठेवलं. हे लोक काय करतात ते उघड्यावर करतात आणि अंश आहे हे स्वतःच्या तोंडानं सांगायला इतक्या लांब आलेत. मला असंच घर हवंय."

आणि ती प्याली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यातच ती हसायला लागली. मामांनी तिच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला. "मी पिणार नाही," अखेर ते म्हणाले. "पण लग्नात ठेवा."

वैशाखात सगळं वऱ्हाड घेऊन आम्ही पुन्हा सोलापूरला गेलो. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. मांडवाच्या कोपऱ्यात ओल्या पोत्यांखाली अण्णांच्या बाटल्या होत्या आणि शेजारी, अण्णांनी आग्रहानं बोलावलेल्या हुसेनचाचांच्या. त्या टेबलामागे खांद्यावर पंचा टाकून मामा उभे होते. प्रत्येक बूच निघताना त्यांचे डोळे क्षणभर मिटत, मग ते पेला भरत आणि समोरच्याला म्हणत, "घ्या, आल्याचं आहे, आमच्या व्याह्यांनी केलंय." स्वतः एक थेंबही घेतला नाही, पण एकाही पाहुण्याला कोरडं जाऊ दिलं नाही.

परतीच्या गाडीत मामा माझ्या शेजारी बसले होते. पुण्यातल्या दुकानांत तोवर नव्या नव्या पेयांच्या रंगीत पाट्या लागल्या होत्या. त्यांतलं एकही विजापूर वेशीच्या लिंबाखालच्या किंवा अण्णांच्या पत्र्याखालच्या बाटलीच्या पासंगाला पुरणारं नव्हतं. तरी या दोघांचं नाव त्यांच्या पेठेबाहेर कुणाला माहीत नाही. वाचकांपैकी कुणी उन्हाळ्यात तिकडे गेलंच, तर पाटी शोधू नका, वास शोधा.

भीमेच्या पुलावर गाडी सावकाश झाली. मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "शंकर, थोरला फार छान गायचा, तुला सांगितलं का कधी?" मी नाही म्हणालो. आणि मग पुणं येईपर्यंत ते त्यांच्या भावाबद्दल बोलत राहिले.