थोरल्याच्या वाट्याची थप्पड

आईने आपल्याला गुरासारखं बडवलं आणि धाकट्याला कधी बोटही लावलं नाही, ही एकच गोष्ट थोरल्याने चाळीस वर्षं जपून ठेवली होती. पत्र्याच्या पेट्या करणाऱ्या बापाच्या कारखान्यात दोघे भाऊ वाढले. कारखाना कसला, एक लांबट खोली आणि तिच्यात दिवसभर ठणठणाट. बापाचं डोकं फिरलं की हातात असेल ते हत्यार घेऊन तो थोरल्यावर धावायचा. पण त्याच्याही आधी आई धावायची. पोराच्या कानाखाली असा आवाज काढायची, की शेजारचा सुतार रंधा थांबवून बघायचा. "मेल्या, अक्कल गहाण टाकलीस का?" म्हणत बखोट धरून ती त्याला बाहेर ढकलायची. बाप खूश होऊन हातोडा खाली ठेवायचा. धाकटा बापाचा लाडका, त्याला कोण मारणार?

आई आपली वैरीण आहे, असा सरळ अर्थ थोरल्याने काढला. बाप मेला तेव्हा कारखाना थोरल्याकडे आला, आणि बापाचं डोकंही. माणूस कामाला वाघ होता, पण आईकडे पाणी मागायचा तेही खेकसूनच.

त्या दुपारी धाकट्याने घोळ घातला. चाळीस झाकणांचे पत्रे कापले, पण कडा दुमडायला बोटभर पत्रा जास्त सोडायचा असतो, तोच सोडला नाही. झाकणं पेट्यांवर बसेनात. थोरल्याने एक पत्रा हिसकावला, तर उघड्या कडेने त्याचाच तळहात चिरला. रक्त बघून तो पिसाळला.

"इतकी वर्षं इथे काय माशा मारल्यास?" पत्रे कापायची हातभर लांब कात्री उचलून तो भिंतीशी उभ्या धाकट्यावर धावला. "थांब, तुझा हातच तोडतो!"

कोपऱ्यात कड्या निवडत बसलेली आई उठली. सत्तरीची बाई, गुडघे धरलेले, तरी थोरल्याच्या आधी पोचली. फाडकन धाकट्याच्या कानाखाली वाजवली. "मेल्या, नालायका! चल, हो बाहेर!" बखोट धरून तिने त्याला दाराबाहेर काढलं. चाळिशी ओलांडलेला धाकटा गाल धरून रस्त्यात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आईच्या हातचा मार खाल्ला होता.

"बघ, मारलं मी त्याला," आई थोरल्याला म्हणाली. ती हसायचा प्रयत्न करत होती आणि लटलट कापत होती. "चांगलं मारलं. आता तू नको मारूस हं."

हे शब्द थोरल्याने पूर्वी ऐकले होते. तो दाराबाहेर गाल चोळत रडायचा, तेव्हा ती आत बापाला हेच सांगायची. त्याला तेव्हा फक्त गालाची आग कळायची. आत्ता कळलं. प्रत्येक थपडेने तिने त्याला हातोड्याखालून ओढून काढलं होतं.

"आई," तो म्हणाला, "अगं, मी आहे."

"हो रे बाबा, हो," ती म्हणाली आणि कात्रीवरची नजर न काढता एक पाऊल मागे सरकली.